मणेरणीचं कोपर

खुर्शिदा माणूस ओळखायची ती हातावरून. चेहरा विसरेल, नाव विसरेल, पण जिच्या हातात एकदा बांगडी भरली तिचा हात विसरायची नाही. एसटी स्टँडवर एखादी बाई समोर येऊन हसली, की ही आधी तिचा हात धरायची, अंगठ्याचं मूळ चाचपायची आणि मग म्हणायची, "आंबवड्याची ना गं तू? सव्वादोनचं माप. धाकटीच्या बारशाला भरल्या होत्या." ती बाई थक्क. आणि खुर्शिदाच्या चेहऱ्यावर मात्र, टाळी समेवर पडावी तसं समाधान.

भोरातल्या मणेरांच्या घरात ती सून म्हणून आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. मणेर म्हणजे बांगड्या विकणारे, आणि भरणारे. विकणं कुणालाही जमतं. भरणं वेगळं. काचेची बांगडी हातात सैल खुळखुळता कामा नये, ती बेताचीच हवी, आणि बेताची बांगडी चढवायची म्हणजे समोरच्या बाईच्या हाताची हाडं अलगद एकमेकांजवळ आणायची, अंगठा तळव्यात मिटवायचा, आणि तिला गोष्टीत गुंतवून एका झोक्यात काच मनगटावर उतरवायची. बाई "आई गं" म्हणेपर्यंत बांगडी जाग्यावर! सासूनं हे तिला दोन वर्षं शिकवलं, आणि मग एक दिवस बांगड्यांची पेटी तिच्या डोक्यावर ठेवून तिला हिर्डोशीच्या गाडीत बसवून दिलं.

ते दिवस काय सांगावेत! वरंध्याच्या वाटेवरच्या त्या डोंगरगावांत तेव्हा मणेरीण आली म्हणजे दुसरं काही चालतच नसे. ती पाराजवळ बसकण मारायची, कपडा अंथरायची, दोरीत ओवलेल्या माळा त्यावर मांडायची. हिरव्या, लाल, जांभळ्या, सोनेरी काठाच्या. ऊन त्या काचांवर पडलं की कुणीतरी दिवे लावलेत असं वाटायचं. मग बायका यायच्या. कुणी शेणाचे हात धुऊन, कुणी तव्यावरची भाकरी पोरीवर सोपवून. हात पुढं करून बसायच्या आणि बोलायच्या. नवऱ्याला न सांगितलेलं मणेरणीला सांगायच्या, कारण हात दुसरीच्या हातात असला की तोंड आपोआप सुटतं. खुर्शिदा सगळं ऐकायची आणि पुढच्या गावात एक अक्षर बोलायची नाही.

हिर्डोशीतच तिनं आयुष्यातला पहिला नवरीचा चुडा भरला. नवरी होती ठकुबाई. दोघी एकाच वयाच्या, दोघी घाबरलेल्या. ठकुबाई लग्नाला घाबरलेली आणि खुर्शिदा चुड्याला. नवरीच्या हातात भरताना बांगडी फुटली तर लोक तोंडानं 'फुटली' म्हणत नाहीत, 'वाढली' म्हणतात, पण मनात जे धरायचं ते धरतातच. त्या दिवशी एकही बांगडी वाढली नाही. तेव्हापासून चौतीस वर्षं झाली. ठकुबाईच्या घरचं कुठलंही कार्य खुर्शिदाच्या हाताशिवाय झालं नाही.

अशा बाईचं उजवं कोपर बिघडलं.

सुरुवातीला ते नुसतं कुरकुरायचं. भरलेली पिशवी उचलली, की कोपराच्या बाहेरच्या अंगाला कळ. मग दाराची कडी काढताना. मग चहाचा कप धरताना. खुर्शिदानं कुणाला सांगितलं नाही. सुनेला, अम्रीनला, तर नाहीच. अम्रीन बारावी शिकलेली, चुणचुणीत पोरगी. दुकानातल्या टिकल्या-पिना, क्लिपा ती मोबाईलवर फोटो टाकून विकायची. पण बांगडी भरायला हात लावला की सासू म्हणायची, "तुझा हात कडक हाय. तू फोटो काढ."

आणि मे महिन्यात कामथडीच्या लग्नात जे व्हायचं ते झालं. मांडवात शंभर बायका, मधे पाटावर नवरी, समोर खुर्शिदा. चौथी बांगडी चढवताना कोपरातून अशी सणक गेली की बोटांतली पकडच सुटली. काच कडकन गेली. नवरीच्या मनगटावर रक्ताचा एक ठिपका आला, बारीक, मोहरीएवढा. पण मांडव असा गप्प झाला, की जणू मोठा घाव बसला. नवरीच्या आत्यानं खुर्शिदाचा हात बाजूला केला आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या मावशी. तुमी दमला. बाकीच्या आमी भरतो."

शिवी दिली असती तर परवडलं असतं.

त्यानंतर गोळ्या झाल्या. एका दवाखान्यात सूज उतरवणारं इंजेक्शन झालं. त्यानं दोन महिने असा आराम पडला की खुर्शिदा पुन्हा बाजारात बसली, गौरी-गणपतीच्या बांगड्या भरल्या, आणि नवरात्रात हात पहिल्यापेक्षा वाईट झाला. आता तिला वेणीही घालता येईना. शफी, तिचा नवरा, टेम्पो चालवायचा. तो सकाळी तिच्या केसांना कसाबसा रबर लावून द्यायचा आणि म्हणायचा, "मालाला दोरी बांधतो तशीच बांधली बघ. घाटात सुटायची न्हाई."

अशात हिर्डोशीहून ठकुबाईचा फोन आला. तिची लेक वैष्णवी हिचा गेल्या वर्षी पहिल्या खेपेला चौथ्या महिन्यातच गर्भ पडला होता. पोरगी महिनाभर कुणाशी बोलली नव्हती. आता पुन्हा दिवस गेले होते.

"माघात सातवा लागंल," ठकुबाई म्हणाली. "डोहाळजेवण हितंच करायचं म्हणती. हिरव्या बांगड्या तूच भरायच्या."

खुर्शिदानं फोन डाव्या हातात घेतला. "ठकू, माझा हात... तुला कळलंच आसंल की कामथडीचं."

"कळलं. समद्या गावाला कळलं. पोरीची सासू तर म्हणती की दुसरी कुणीबी बघा. पर पोरगी हटून बसलीय. म्हणती, मावशी आल्या तरच भरीन, न्हाईतर मोकळ्या हातानं बसंन."

फोन ठेवल्यावर खुर्शिदानं उजवा तळवा उलटसुलट करून बघितला. हातात वाढली तर? पहिलं असं झालेल्या पोरीच्या, सातव्या महिन्यात? आणि नाही गेले तर ती मोकळ्या हातानं बसायची. इकडं आड, तिकडं विहीर, असं म्हणायलाही तिला सुचलं नाही. तिनं फक्त अम्रीनला हाक मारली आणि पहिल्यांदाच स्वतःच्या तोंडानं कबूल केलं, "पोरी, माझा हात दुखतोय."

"मला काय डोळे न्हाईत व्हय अम्मी?" अम्रीन म्हणाली. "गुरुवारी हाडांच्या डॉक्टर येतात पुण्याहून. नंबर कधीचा लावलाय म्या."

डॉक्टर शेफाली वयानं लहान होत्या, पण घाईच्या नव्हत्या. त्यांनी खुर्शिदाला बांगडी कशी भरते ते करून दाखवायला सांगितलं. स्वतःचाच हात पुढं केला. खुर्शिदानं तो धरला, अंगठा मिटवला, आणि ओठ दातांखाली धरले.

"पुरे," डॉक्टर म्हणाल्या. "कळलं. याला टेनिस एल्बो म्हणतात."

"टेनिस?" खुर्शिदा म्हणाली. "म्या जल्मात लंगडी सोडून काय खेळले न्हाई."

डॉक्टर हसल्या. मग सोनोग्राफीच्या पडद्यावर त्यांनी कोपराचं आतलं दाखवलं. स्नायू जिथं हाडाला बांधलेला असतो तिथं एक दोरी असते. तुमची ही दोरी पिचलीय, त्या म्हणाल्या, एकदम तुटलेली नाही, पण धागे सुटलेत. वर्षानुवर्षं तोच पीळ, तीच पकड. मागच्या इंजेक्शननं दुखणं दबलं, धागे काही जुळले नाहीत.

"मग कापायचं?"

"आधी दुसरं करून बघू. आपलं बोट कापलं की जखम आपोआप भरते ना? रक्तात बारीक कण असतात, ते हे काम करतात. पण या दोरीला मुळातच रक्त कमी मिळतं. म्हणून ती लवकर भरून येत नाही. तर तुमच्याच दंडातून थोडं रक्त काढायचं, मशीनमध्ये फिरवायचं, त्यातला कामाचा भाग वेगळा करायचा आणि बरोबर त्या जागी सोडायचा. पीआरपी म्हणतात त्याला. बाहेरचं औषध काही नाही."

शफी इतका वेळ कोपऱ्यात टोपी हातात धरून उभा होता. तो म्हणाला, "म्हंजे डॉक्टर, पस्तीस वर्षं हिनं माझं रक्त पिलं, आता सोताचं?"

"तुमचं पानी झालंय, त्याचा काय उपेग," खुर्शिदा म्हणाली, आणि नर्ससकट सगळे हसले.

पण डॉक्टरांनी हसण्यावर वेळ मारून नेली नाही. त्यांनी स्वच्छ सांगितलं, की हे सगळ्यांना लागू पडतंच असं नाही. बऱ्याच जणांना बरं वाटतं, काहींना काहीच फरक पडत नाही. उद्या बरं व्हाल अशी आशा धरू नका, महिने मोजा. पहिले काही दिवस दुखणं वाढेल, तेव्हा नेहमीच्या सूज उतरवणाऱ्या गोळ्या घ्यायच्या नाहीत, कारण या वेळची सूज हीच दुरुस्ती आहे. आणि मी सांगेपर्यंत बांगडी भरायची नाही. एकही नाही.

"माघात भरता यील?"

डॉक्टरांनी बोटांवर मोजलं. "साडेतीन महिने आहेत. शब्द देत नाही. पण माझं ऐकलंत तर आशा आहे."

रक्त काढलं ते चहाच्या अर्ध्या कपाएवढं. मशीन गरगरत राहिलं. नळी बाहेर काढली तेव्हा खुर्शिदानं वाकून बघितलं. खाली गर्द लाल, वर करडईच्या तेलासारखं पिवळसर. रंग बघण्यात जिचा जन्म गेला, ती म्हणाली, "ह्यो रंग माझ्या पेटीत न्हाई." मग सुई आत गेली आणि तिचं सगळं बोलणं बंद झालं.

तीन दिवस कोपर ठणकलं. शफी दोनदा जुन्या गोळ्यांचं पाकीट घेऊन आला आणि अम्रीननं दोनदा ते काढून घेतलं. दुसऱ्या आठवड्यात ठणका उतरला. तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी व्यायाम दिला. मांडीवर हात ठेवायचा, मुठीत पाण्याची छोटी बाटली धरायची आणि मनगट हळू, अगदी हळू खाली सोडायचं. खुर्शिदा रोज दारात बसून करायची. चौथ्या आठवड्यात ती एकदा सकाळी उठली आणि तिला वाटलं, दुखणं गेलं.

इथंच ती चुकली. आणि अशी चूक मणेरणीच्याच हातून व्हायची.

मंगळवारच्या बाजारात अम्रीन बांगड्या विकायला बसली होती. आता विकायच्या म्हणजे नुसत्या विकायच्या, भरायच्या नाहीत. खुर्शिदा शेजारी गप्पांपुरती. एक म्हातारी आली. पाठीतून वाकलेली, नऊवारीचा पदर कमरेला. तिनं हिरव्या सहा बांगड्या उचलल्या, समोर बसली, आणि हात खुर्शिदापुढं धरला.

खुर्शिदाच्या सासूनं तिला एक गोष्ट अशी शिकवली होती की तिच्यापुढं नमाज-रोजेही मागं पडावेत. पुढं आलेला हात रिकामा पाठवायचा नाही. पैसे नसोत, माप नसो, दिवस मावळलेला असो. एक तरी बांगडी भरूनच सोडायचं.

"आजी, म्या देते बांधून, घरी भरा," अम्रीन घाईनं म्हणाली.

"घरी कोन हाय भरायला?" म्हातारी म्हणाली. हात तसाच.

खुर्शिदानं तो धरला. एक भरली. दुसरी. म्हातारीचा हात लाकडासारखा, एकेक सांधा सुजलेला. चौथ्या बांगडीला कोपरात आग पेटली. पण सहा म्हणजे सहा! तिनं सहाही भरल्या, म्हातारीला हसून निरोप दिला, आणि मग अम्रीनच्या खांद्यावर डोकं टेकून डोळे मिटले. अम्रीननं एका हातानं पेटीचं झाकण लावलं. 

गुरुवारी डॉक्टर शेफालींनी पडद्यावर बघितलं. बराच वेळ बघितलं. खुर्शिदा गुन्हेगारासारखी बसली होती.

"फाटलं का समदं परत?"

"नाही. चिडलंय. पण तीन आठवडे मागं गेलात. काय झालं सांगा."

खुर्शिदानं सांगितलं. हात रिकामा न पाठवण्याचंही सांगितलं. आता ही बाई हसेल किंवा ओरडेल, असं तिला वाटलं. डॉक्टरांनी दोन्ही केलं नाही.

"चांगली रीत आहे," त्या म्हणाल्या. "ती मोडा असं मी कशाला सांगू? पण मावशी, त्या म्हातारीचा हात तुमच्याच हातानं भरला पाहिजे असं कुठं ठरलंय? तुमच्या शेजारी दोन चांगले हात बसले होते."

खुर्शिदानं वळून अम्रीनकडे बघितलं. अम्रीन मोबाईलमध्ये बघत होती, म्हणजे ऐकत होती.

त्या संध्याकाळपासून शफीच्या घरात शाळा भरली. खुर्शिदानं उजवा हात ओढणीत बांधून टाकला आणि तोंड मोकळं सोडलं. "दाबू नको, गोळा कर. हाडं गोळा कर. आगं कोंबडी धरतेस का? बाईचा हात हाय तो!" सरावाला आधी शफीचा हात. त्या रांगड्या हातात अम्रीननं पहिल्या आठवड्यात दीड डझन बांगड्या फोडल्या. शफी बांगड्यांसकट टेम्पोवर गेला आणि नसरापूरच्या टपरीवर लोकांनी त्याला चहा पाजून खोदून खोदून विचारलं. मग शेजारणी आल्या. आणि शिकवता शिकवता खुर्शिदाला एक गंमत उमगली. इतकी वर्षं ती सगळा जोर मनगटातून काढत होती. अम्रीनला मनगटात तेवढी ताकदच नव्हती, म्हणून ती कोपर बरगडीला टेकवायची आणि सगळं अंग जरासं पुढं झुकवायची. बांगडी चढायची ती अंगाच्या झोक्यावर. खुर्शिदानं ते दोन दिवस न बोलता बघितलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "परत कर बघू. हां. ह्ये तुला कुनी शिकवलं?"

"कुनी न्हाई. जमंना म्हणून आसं केलं."

"बरं केलंस," खुर्शिदा म्हणाली. तिच्या तोंडून सुनेसाठी हे दोन शब्द पहिल्यांदाच आले. अम्रीन त्या दिवशी स्वयंपाकात मीठ घालायला विसरली.

पौष उलटला. बाटलीच्या जागी वाळू भरलेली मोठी बाटली आली. डॉक्टरांनी हात पिळून, वळवून, दाबून बघितला आणि म्हणाल्या, "जा. पण कळ आली की थांबायचं. आणि आज कितीही छान वाटलं तरी निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी. कोपर सकाळी खरं बोलतं."

सासू-सून हिर्डोशीच्या एसटीत बसल्या. नीरा-देवघरच्या पाण्याकडेनं गाडी वळणं घेत होती आणि खुर्शिदा खिडकीतून काही बघत नव्हती. पेटी मांडीवर घट्ट धरून बसली होती.

ठकुबाईच्या अंगणात केळीचे खुंट, झेंडूच्या माळा, बायकांची ही गर्दी. वैष्णवी पाटावर बसली होती, हिरवं लुगडं नेसून. तिनं हात पुढं केला. हात सुजलेला. सातव्या महिन्यात सुजतातच, पण हा चांगलाच फुगला होता. याच हातात तिनं दोन वर्षांपूर्वी सव्वादोनचा चुडा भरला होता.

वैष्णवीची सासू मागं उभी होती. ती म्हणाली, "तेल लावा की थोडं. न्हाईतर पिलाष्टिकच्या घाला. कशाला इषाची परीक्षा?"

"मावशी काचंच्याच भरतील," वैष्णवी म्हणाली. आवाज बारीक होता पण हलला नाही.

खुर्शिदानं तो हात दोन्ही हातांत घेतला. जुनी खुर्शिदा असती तर म्हणाली असती, बघाच आता! ही म्हणाली, "ठकू, घागरीतलं गार पानी आन परातीत. पोरी, हात बुडीव. मग दोन्ही हात डोक्यावर धर. घाई न्हाई. बायांनो, तवर गानी म्हना."

बायकांनी गाणी म्हटली. एकीनं उखाण्यात नवऱ्याची अशी फजिती केली, की वैष्णवी डोक्यावर हात धरून खदखदा हसली. पाव तासानं हात थोडा उतरला. खुर्शिदानं सव्वादोनची माळ बाजूला ठेवली आणि एक माप मोठी काढली. मग कोपर बरगडीला टेकवलं आणि अंग पुढं झुकवलं.

पहिली. बायका श्वास धरून. दुसरी, तिसरी. खुर्शिदा बोलत होती, वैष्णवीला काय खावंसं वाटतं ते विचारत होती, आणि एक कान कोपराकडं लावून होती. कोपर गप्प होतं. सातवी चढली. नववी. अकरावी बांगडी मनगटावर उतरली तेव्हा डावा हात भरून गेला होता, आणि कोपरात, अगदी आत, कुणीतरी हलकंच टिचकी मारावी तसं झालं. कळ नव्हती. कळेच्या आधीचं होतं ते.

वैष्णवीनं उजवा हात पुढं केला. खुर्शिदा तिच्या समोरून बाजूला सरली.

"अम्रीन, बस हितं."

ठकुबाई पुढं आली. "आगं तूच भर की! चांगल्या चालल्यात."

"भरंन. आज भरतील समद्या. पर उद्या ह्यो हात ऱ्हायचा न्हाई," खुर्शिदा म्हणाली. "मला बारशाला यायचंय ठकू. नातवंडाच्या मनगटात काळ्या मण्यांचं बिंदलं मलाच घालायचंय. आन हिचा हात माझ्यापरीस मऊ हाय. बघशील तू."

वैष्णवीच्या सासूच्या भुवया वर गेल्या. अम्रीनचा चेहरा पांढरा पडला होता, पण ती बसली. खुर्शिदा तिच्या मागं उभी राहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा बांगडी भरताना तोंड मिटून गप्प राहिली. अकरा बांगड्या. एकही वाढली नाही. शेवटची चढली तेव्हा वैष्णवीनं दोन्ही हात वर करून हलवले, आणि त्या बावीस काचांचा आवाज अंगणभर असा पसरला की मागं उभी असलेली सासू पहिल्यांदा हसली. "आता मला बी भर गं पोरी," ती अम्रीनला म्हणाली.

परतीची गाडी चुकली, म्हणून दोघी ठकुबाईकडेच राहिल्या.

सकाळी थंडी मी म्हणत होती. खुर्शिदा चुलीपाशी बसली होती आणि ठकुबाई नाचणीच्या भाकरी थापत होती. वैष्णवी उठून आली, केस मोकळे, डोळ्यांत झोप. ती खुर्शिदापुढं पाठ करून बसली. लहानपणापासून बसायची तशी. खुर्शिदानं फणी घेतली. गुंता सोडवला, तीन पेड केले, आणि गप्पांच्या नादात घट्ट, जाड वेणी घालत शेवटापर्यंत आली.

"आगं," ठकुबाई थापता थापता थांबली. "तुझा हात?"

खुर्शिदानं खाली बघितलं. उजव्या हातात वेणीचं टोक होतं. तिनं मनगट वळवून बघितलं, मूठ मिटली, उघडली. मग रिबिनीची गाठ मारली आणि हलक्या आवाजात, जणू मोठ्यानं बोललं तर दृष्ट लागेल, म्हणाली,

"काय बोलंना बाई. गप हाय."